हाडोळ्याचा उतारा

मुलांना गाव दाखवावे म्हणून बावीस वर्षांनी मी माण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. 1972 च्या दुष्काळात वडिलांनी बिऱ्हाड मुंबईला हलवले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वाटेत साताऱ्याला उतरून, 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव ज्या शाळेत दाखल झाले ती शाळा नातीला दाखवली.

गावात चुलती आम्हांला ओढ्याकडे घेऊन गेली. म्हणाली, ‘ह्यो आपला हाडोळा.’ रानात ज्वारी उभी होती, पण ती दुसऱ्याची. नातीने विचारले, ‘आजोबा, जमीन आपली होती तर आपण मुंबईला का गेलो?’

या प्रश्नाचे उत्तर केवळ दुष्काळ असे देऊन चालणार नाही. हाडकी-हाडोळा म्हणजे महार वतनाची जमीन. गाव तिला इनाम म्हणत आले. वस्तुतः तो वेठीचा मोबदला होता. सारा भरण्यासाठी लोकांना चावडीवर बोलावणे, सांगावे पोहोचवणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, वेशीवर पहारा देणे, मेलेली जनावरे ओढणे, या कामांना ना वेळ होती ना सुट्टी. वतनदार आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने उभे राहायचे. पिढीगणिक वाटेकरी वाढले, तुकडा तेवढाच राहिला. उरलेले पोट बलुत्यावर, आणि बलुते गावाच्या हाती. तोंड उघडले की बलुते बंद.

बाबासाहेबांनी ही गाठ अचूक ओळखली होती. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक त्यांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडले. 1929 साली ते मागे घ्यावे लागले. 1939 साली हरेगावच्या परिषदेत त्यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. वतन प्रत्यक्षात संपले ते त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, कनिष्ठ गाव वतने नष्ट करणाऱ्या 1958 च्या कायद्याने.

कायद्याने वेठ गेली. जमीन मात्र आधी सरकारजमा झाली. वतनाच्या कामापोटी नेमून दिलेली जमीन परत हवी तर वतनदाराने शेतसाऱ्याच्या आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरायची होती. भरली नाही तर त्याचाच ताबा बेकायदेशीर ठरणार होता. भरली तरी परवानगीवाचून ती विकता वा वाटून घेता येत नव्हती. पुढे या अटींत बदल झाले, पण ‘नवीन अविभाज्य शर्त’ आणि ‘वर्ग 2’ हे शब्द कित्येक उताऱ्यांवर आजही आहेत.

आमच्या आजोबांनी ही रक्कम भरली नाही, म्हणून जमीन गेली, असे मी आजवर मुलांना सांगत आलो. तहसील कचेरीत जुना फेरफार काढला तेव्हा माझी मान खाली गेली. रक्कम मुदतीत भरल्याची नोंद त्यात होती. मजुरीवर जगणाऱ्या त्या माणसाने ती कशी जमवली असेल? जमीन गेलेली नव्हती. दुष्काळात ती तोंडी वाट्याने दिली, पहिली काही वर्षे धान्य आले, मग यायचे थांबले. आम्हीही विचारले नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. त्यांच्या मागे वारसाची एकही नोंद आम्ही केली नव्हती.

मुलगा म्हणाला, ‘विकून मोकळे होऊ.’ सून म्हणाली, ‘आधी नावे तरी लावा.’ तिचेच खरे होते.

आपल्या आत्मकथनांनी वतनाची वेदना जगापुढे मांडली. तिच्या जोडीला आता कागद वाचला पाहिजे. सातबारा आज मोबाइलवरही दिसतो. पण तेवढ्यावर थांबू नये. त्यावरचे फेरफार क्रमांक टिपून जुन्या नोंदी मागाव्यात, इतर अधिकारांचा रकाना पाहावा, वारस लागले आहेत का ते तपासावे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवावे.

निघण्याआधी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला. दुष्काळातही जी गाव सोडून गेली नाही त्या चुलतीचे नाव त्यात आम्ही पहिले लिहिले.