शनिवार-रविवार समुद्राला कळत नाही

मालवणसमोरची बेटं बघायला निघताय? मग हॉटेल बुक करण्याआधी घरातलं कालनिर्णय उघडा. तारीख नाही, तिथी बघायला!

मालवणची ट्रिप आता सगळ्यांना पाठ आहे. सकाळी जेटीवर लाइन, लाइफ जॅकेट, दहा-पंधरा मिनिटांत सिंधुदुर्ग. बोटवाले काका बजावतात, 'तासाभरात परत या.' मग दरवाज्यासमोर ग्रुप फोटो, वरून एक रील, दुपारी स्कुबा, संध्याकाळी देवबागचं त्सुनामी आयलंड, रात्री सुरमई थाळी. झालं मालवण!

यात वाईट काही नाही. पण या सगळ्यात आपण बेटावर जाऊन आलो, हे लक्षातच येत नाही. किल्ला दिसतो, तो ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट दिसत नाही.

25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी इथे किल्ल्याचा पाया घातला. जागा हीच का, याचं उत्तर दगडात नाही, पाण्यात आहे. किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. मोठं गलबत सरळ चाल करून आलं तर तळ फुटणार. वाट ठाऊक असलेली छोटी होडी मात्र बरोबर आत शिरते. आजही जेटीवरून निघालेली बोट सरळ रेषेत जात नाही. ती कुठे वळते, कुठे इंजिन हळू होतं, एवढं जरी बघत बसलात तरी 1664 मधलं डोकं कळायला लागतं. आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. काही कुटुंबं आजही किल्ल्यात राहतात. आपण तासाभराने निघतो, ती पावसाळ्यातही तिथेच असतात.

शत्रूला अडवणारे तेच खडक आज स्नॉर्केलिंगवाल्यांचं आकर्षण आहेत. त्यांच्यावर प्रवाळ वाढलंय. 1987 मध्ये इथलं 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मासेमारीवर बंधनं येतील म्हणून मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो उगाच नव्हता. पण प्रवाळावर उभं राहून फोटो काढणाऱ्या पाहुण्याला मासेमारांचं नावही पुढे करता येत नाही. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, दगड नाही. पाय टेकू नका, आणि तुकडा खिशात तर अजिबातच नाही. कायद्याने तो गुन्हा आहे.

आता पद्मगड. सिंधुदुर्ग आणि दांडीचा किनारा यांच्या मधलं हे छोटंसं बेट बहुतेकांच्या फोटोत मागे कुठेतरी येतं आणि क्रॉप होतं. इथे मराठा आरमाराची जहाजं बांधली-दुरुस्त केली जायची, असं सांगतात. भारी गोष्ट म्हणजे, चांगल्या ओहोटीला दांडीच्या वाळूवरून इथे चालत जाता येतं. चांगल्या ओहोटीला, हे शब्द महत्त्वाचे.

इथे कालनिर्णय लागतं. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाचला. ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. पण कुठल्याही नेटवर्कशिवाय चालतो.

आता यातली गंमत बघा. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, आपल्याला अगदी सोयीची. पण अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे वाळूची वाट नीट उघडी पडेलच असं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, पण ते पहाटेच्या काळोखात किंवा संध्याकाळी. संध्याकाळी गेलात तर परतताना अंधार आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम. म्हणून चांगले दिवस कोणते? पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते. पाणी अजून उतरत असतानाच निघायचं आणि ते फिरायच्या आत परत यायचं. दांडीवर कोणी आजोबा जाळं विणत बसलेले असतील तर त्यांना विचारूनच पाऊल टाका. त्यांनी 'रे झिला, पाणी भरता हा' म्हटलं तर वाद घालू नका.

ही द्वितीया मंगळवारी आली तर? तर मंगळवारी जा. कॉलेजातल्या मुलांकडे पैसे नसतात, पण एखादा मंगळवार नक्की असतो.

होडीचंही तसंच. इथल्या पारंपरिक होडीला एका बाजूला उलांडी असते. दोन आडव्या दांड्यांना बांधलेला लाकडी ओंडका, होडी कलंडू नये म्हणून. आजच्या पर्यटकांच्या फायबर बोटींना उलांडी नसते, इंजिन असतं. त्यामुळे डॉल्फिन दिसला (मच्छीमार त्याला गादा म्हणतात) की अख्खा ग्रुप मोबाइल घेऊन एकाच बाजूला धावतो, तेव्हा तांडेल का ओरडतो ते समजून घ्या. तो खडूस नाही.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा. शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य होडीत बसलं की अंगावर येतं. सकाळी तेलासारखं सपाट असलेलं पाणी तीन-चार वाजता उड्या मारायला लागतं. मे संपत आला की समुद्राचा मूडच बदलतो. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलपर्यटन बंद ठेवतात ते यासाठीच. 24 मे 2022 ला, म्हणजे ही बंदी लागण्याच्या तोंडावर, तारकर्लीसमोर स्कुबाच्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा 'जॅकेटमध्ये फोटो चांगला येत नाही' हे कारण विसरा. बोटीत किती माणसांना परवानगी आहे ते विचारा. त्यापेक्षा एकही जास्त दिसला तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.

त्सुनामी आयलंडबद्दल थोडक्यात. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथला तो वाळूचा पट्टा. 2004 च्या त्सुनामीनंतर वर आला, असं सांगतात. स्टॉल, बनाना राइड, गर्दी. मला विचाराल तर तिथे जाणाऱ्या बोटीचा खाडीतला रस्ता त्या बेटापेक्षा सुंदर आहे.

आणि एका ठिकाणी जाऊच नका, असं सांगतो. वेंगुर्ल्यासमोर खोल समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आहेत, तिथे दीपगृह आहे. तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळ्या घरटी करतात. अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणारा हा पक्षी आपल्या लाळेने घरटं चिकटवतो. त्या घरट्यांचं सूप परदेशात महाग विकलं जातं, म्हणून त्यांची चोरी व्हायची. गुहेत शिरलेला प्रत्येक टॉर्च त्यांना सारखाच.

त्याऐवजी खाडीत शिरा. मालवणी मुलखात खाडीतल्या बेटाला 'जुवा' म्हणतात. मालवणच्या उत्तरेला गड नदी समुद्राला मिळण्याआधी कालावलची खाडी होते. तिच्यात पाणखोल जुवा, खोत जुवा, मसुरकर जुवा अशी बेटं आहेत. माड, घरं, अंगणं, आणि चारी बाजूंनी पाणी. दुकान, दवाखाना, शाळा, सगळ्याला होडी. आपली राइड ती त्यांची एसटी!

या जुव्यांना पर्यटकांचा त्रास नाही, त्रास आहे वाळूचा. खाडीतून वाळू उपसली की बेटाचा काठ सुटतो. माड मुळांसकट पाण्यात जातात, जमीन आत सरकते. उपसा थांबवा, असं इथली माणसं वर्षानुवर्षं सांगताहेत. आपल्या शहरातल्या बिल्डिंगची वाळू कुठल्या नदीतून आली, हे आपण कधी विचारतो का?

मालवण स्टँडवरून मसुऱ्याची गाडी पकडा. खाडीकाठी उतरून होडीवाल्याला विचारा, पलीकडे नेणार का. तिथे तिकीट खिडकी नाही, बोर्ड नाही. लोकांच्या अंगणातून चालायचंय, म्हणून स्पीकर बंद ठेवा आणि आधी हाक मारा. पाणी मागितलंत तर बहुतेक चहाच मिळेल. आणि उतरताना होडीवाल्याला परतीचं नक्की विचारून घ्या, कारण त्याचंही घड्याळ तिथीवरच चालतं.