आपल्या नावावर आधीच मतदान झाले असेल तर?

विधानसभा निवडणुकीचा दिवस होता, २० नोव्हेंबर २०२४. वसई परिसरातील एक भगिनी सकाळची मिस्सा आटोपून मतदान केंद्रावर गेल्या व तासभर रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आली तेव्हा अधिकाऱ्यांनी यादी पाहिली आणि म्हटले, "बाई, तुमचे मतदान झाले आहे." नावावर खूण होती, बोटावर मात्र शाई नव्हती. मागचे लोक घाई करू लागले. त्या मुकाट्याने घरी परतल्या. पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात म्हणाल्या, "फादर, आजवर एकदाही मत चुकवले नव्हते."

त्यांचा हक्क संपला नव्हता, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-पी अशाच प्रसंगासाठी आहे. आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिल्याचे आढळल्यास थेट मतदान केंद्राध्यक्षांना भेटावे. ते ओळखीसंबंधी प्रश्न विचारतात. उत्तरे समाधानकारक असल्यास नमुना १७-ब मधील यादीत मतदाराची सही घेऊन कागदी मतपत्रिका देतात. हेच 'प्रदत्त मत', म्हणजे बोलीभाषेतील टेंडर मत. ते यंत्रावर देता येत नाही. आडोशाच्या कक्षात शिक्का मारून, घडी घालून ती मतपत्रिका केंद्राध्यक्षांकडे द्यायची. ते ती स्वतंत्र पाकिटात ठेवतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही मते नेहमीच्या मतमोजणीत धरली जात नाहीत; निकालाला आव्हान दिले गेल्यास न्यायालयाच्या आदेशानेच ती विचारात घेतली जातात. मग खटाटोप कशाला? कारण तोतयेगिरी झाल्याची लेखी नोंद राहते. शिवाय २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी अवघ्या एका मताने पराभूत झाले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा प्रदत्त मतांचाही प्रश्न निघाला. जी मते एरवी पाकिटात पडून राहतात, त्यांनाही असे मोल येऊ शकते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात (क्र. ७५) सांगितले, की सर्वांच्या हितासाठी मुक्तपणे मत देणे हा नागरिकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही (क्र. २२४०) कर भरणे व देशाचे रक्षण करणे यांच्या जोडीला मतदानाला नैतिक कर्तव्य मानतो. कोणाला मत द्यावे हे सांगणे धर्मगुरूंचे काम नव्हे. परंतु कर्तव्य अर्ध्यावर सोडून परतू नये, एवढे सांगणे आमचे काम आहे.

तोतयाला वाव मिळतो तो बहुधा आपल्याच दुर्लक्षामुळे. घरातील माणूस देवाघरी गेल्यावर आपण मासिक मिस्सा सांगतो, पण मतदार यादीतील नाव तसेच राहते. ते वगळण्यासाठी नमुना ७ आहे. पत्ता बदलल्यास किंवा आडनाव चुकीचे छापले असल्यास नमुना ८. केवळ ओळखपत्र जवळ असून भागत नाही, यादीत नाव असावे लागते. म्हणून निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच यादी पाहावी.

त्या भगिनींना आम्ही हे सारे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी तिथून हलणार नाही." आपणही हलू नये.