कातातलं कडं

कातकऱ्यांना ज्या धंद्यावरून नाव मिळालं, त्याची माहिती गोळा करताना मी एका जिवाणूच्या पोटात जाऊन पोचले. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळायचे, काढा आटवायचा, निवू द्यायचा. थिजून उरतो तो कात. युरोपात तो 'कटेचू' म्हणून ओळखला गेला. १८३९मध्ये राइन्श या जर्मन रसायनज्ञाने त्यातलं कॅटेचिन तापवून एक नवा पदार्थ मिळवला. कातावरूनच त्याचं नाव पडलं, कॅटेकॉल.

कॅटेकॉल म्हणजे सहा कार्बनांचं कडं, ज्यातल्या शेजारच्या दोन कार्बनांवर एकेक हायड्रॉक्सिल गट असतो. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन अशाच चिवट कड्यांचं बनलेलं असतं. तरीही रानात पडलेल्या खोडाची यथावकाश माती होते. बुरशी लिग्निन फोडते, सुटलेले तुकडे जिवाणू खातात, आणि त्यांतले बरेच तुकडे कॅटेकॉलच्या किंवा त्याच्या एका भावंडाच्या रूपात येतात. मग कडं उघडायचं काम एका विकराकडे येतं. त्याचं जुनं नाव पायरोकॅटेकेज.

ते सापडलं युद्धानंतरच्या ओसाकात. ओसामू हायाइशी या तरुण संशोधकाकडे ना पैसा होता ना साधनं. कोताके या ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्याला ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची बाटली भेट दिली. तेवढंच अन्न देऊन त्याने मातीतले जिवाणू वाढवले. ते ट्रिप्टोफॅन मोडत मोडत कॅटेकॉलपर्यंत येत होते आणि पुढे कॅटेकॉलही फोडत होते. त्या काळी बहुतेकांचं मत असं की सजीवांत हवेतला ऑक्सिजन फक्त इलेक्ट्रॉन घेतो. अन्नाच्या रेणूत तो स्वतः शिरत नाही. १९५५मध्ये अमेरिकेत हायाइशी आणि सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन वापरून प्रयोग केला. एकदा हवेतला ऑक्सिजन जड, एकदा पाण्यातला. कॅटेकॉल फुटून तयार झालेल्या म्युकॉनिक आम्लात शिरलेले दोन्ही अणू हवेतले निघाले. पाठ्यपुस्तकं बदलायला लावणारा एवढा साधा प्रयोग मी क्वचितच वाचला आहे.

मला मात्र खिळवून ठेवलं ते विकराच्या आतल्या लोहाच्या एका अणूने. दोन हिस्टिडिन आणि दोन टायरोसिन ही अमिनो आम्लं त्याला धरून असतात. टायरोसिनच्या या पकडीमुळेच शुद्ध विकर गडद लाल दिसतं. लोह ऑक्सिजनला हात लावेल असं वाटतं, पण ते आधी कॅटेकॉलला धरतं. कॅटेकॉल दोन्ही हातांनी लोहाला बिलगतं, एक टायरोसिन बाजूला सरकून जागा देतं, आणि आता हळवं झालेलं कडं स्वतःच ऑक्सिजनला सामोरं जातं. दोन्ही हायड्रॉक्सिल ज्या कार्बनांवर असतात, नेमका त्यांच्यामधला बंध तुटतो. ज्वाळा नाही, उष्ण भट्टी नाही. ओल्या मातीच्या तापमानाला हे घडतं.

म्युकॉनिक आम्लात हायड्रोजन घातला की ॲडिपिक आम्ल, म्हणजे नायलॉनचा कच्चा माल मिळतो. आज ते पेट्रोलियमपासून नायट्रिक आम्ल वापरून बनवतात. त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे पावणेतीनशे पट तापवणारा वायू आहे. कागद कारखान्यांतलं लिग्निन बहुतांशी बॉयलरमध्ये जळतं. ते जिवाणूंना देऊन म्युकॉनिक आम्ल मिळवावं, अशी आशा स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना आहे, मलाही आहे.

पण जिवाणू हे सगळं स्वतःच्या पोटासाठी करतो. म्युकॉनिक आम्ल हवं तर त्याचं पुढचं विकर काढून टाकावं लागतं, मग त्या वाटेने त्याला काहीच मिळत नाही आणि जगण्यासाठी ग्लुकोज पुरवावा लागतो. कॅटेकॉल साठलं तर त्यालाच बाधतं. शिवाय लिग्निनचे बरेच तुकडे आधी कॅटेकॉलच्या भावंडापाशी, प्रोटोकॅटेच्युइक आम्लापाशी येऊन थांबतात. त्याचा कार्बॉक्सिल गट काढणारं उसनं विकर इतकं मंद आहे की मागे आम्ल साठत राहतं. त्यातही प्रत्येक झाडाचं आणि प्रत्येक कारखान्याचं लिग्निन वेगळं, म्हणून एका मालावर बसवलेली घडी दुसऱ्यावर विस्कटते. शेवटी हाती येतो तो पातळ द्रव, आणि त्यातून आम्ल वेगळं काढायचा खर्च वेगळाच. लाल विकर आपलं काम चोख करतं. अडतं ते त्याच्या अलीकडे आणि पलीकडे.