क्षणाचा निर्णय, पंचाची कसोटी

मावळ तालुक्यातील गहुंजे येथील मैदानावर २६ मार्च २०२१ रोजी भारत व इंग्लंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला. ३३७ धावांचा पाठलाग करताना बेन स्टोक्स ३१ धावांवर असताना धावबादचे अपील झाले. बॅट रेषेच्या आत टेकली होती की केवळ रेषेवर होती, हे चित्रफितीतही वादातीत ठरले नाही. तिसऱ्या पंचांनी त्याला नाबाद ठरविले. स्टोक्सने ९९ धावा केल्या आणि इंग्लंडने सहा गडी राखून विजय मिळविला.

कॅमेऱ्यांच्या मदतीनेही जेथे शंका उरते, तेथे शालेय सॉफ्टबॉलमधील पंचाची अवस्था काय होत असेल? या खेळात दोन बेसमधील अंतर अवघे ६० फूट असते. चेंडू टोलवून धावणारा खेळाडू साधारण तीन सेकंदांत पहिल्या बेसवर पोहोचतो. त्याच क्षणी चेंडूही येतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांनी टिपणे अवघड असल्याने पंच नजर बेसवर ठेवतो आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानांनी टिपतो. चेंडू आधी पोहोचला तरच खेळाडू बाद. दोन्ही एकाच वेळी पोहोचले, तर तो सुरक्षित ठरतो.

काही निर्णयांत नियमच पंचाच्या अंदाजावर विसंबतो. दोनपेक्षा कमी खेळाडू बाद असताना पहिल्या व दुसऱ्या बेसवर धावपटू असतील आणि चेंडू उंच उडाला, तर जवळच्या क्षेत्ररक्षकाला तो सहज झेलता येईल का, हे पंचाने चेंडू हवेत असतानाच ठरवायचे असते. उत्तर होकारार्थी असल्यास झेल सुटला तरी फलंदाज बाद होतो. क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून दोन धावपटूंना बाद करू नये, हा यामागील हेतू. लोणावळ्यासारख्या घाटमाथ्यावरील वाऱ्यात मात्र ‘सहज’ या शब्दाचा अर्थ लावणे कठीण जाते.

अशा अंदाजाच्या निर्णयाविरुद्ध संघाला अधिकृत तक्रार करता येत नाही. नियमाचा अर्थ चुकीचा लावला असेल, तरच ती करता येते. शंका असल्यास पंच सहकाऱ्याला विचारू शकतो. म्हणूनच योग्य जागी वेळेत पोहोचणे, स्थिर उभे राहणे आणि खेळ पूर्ण होईपर्यंत हात न उचलणे, ही पंचाची खरी तयारी मानली जाते. घाईने दिलेला निर्णय फिरविण्यापेक्षा क्षणभर थांबणे केव्हाही श्रेयस्कर.