डिडक्टिबल किती असावे? कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हिशेब

आरोग्य विम्याचा एजंट घरी आला की पहिला प्रश्न हप्त्याचा निघतो. ‘हप्ता कमी हवा असेल तर डिडक्टिबल वाढवून घ्या,’ असे तो सुचवितो आणि त्या शब्दाचा अर्थ नीट न समजताच सही होते. समाजबांधव, भगिनी व विद्यार्थी यांच्यासाठी या एकाच शब्दाचा उलगडा आम्ही येथे करीत आहोत.

डिडक्टिबल म्हणजे दवाखान्याच्या खर्चातील पहिला ठरावीक हिस्सा, जो कुटुंबानेच सोसायचा असतो. त्यापुढील खर्च कंपनी विमा रकमेच्या मर्यादेत देते. डिडक्टिबल २ लाख रुपये असून मान्य खर्च ३ लाख झाला, तर २ लाख आपले व १ लाख कंपनीचे. येथे ‘मान्य खर्च’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली किंवा बिलात कंपनीला मान्य नसलेल्या वस्तू असल्या, तर तो खर्च डिडक्टिबलमध्येही धरला जात नाही आणि पुढेही मिळत नाही. को-पे ही बाब निराळी. त्यात प्रत्येक दाव्याचा ठरावीक टक्का आपण भरतो. १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत तो ५ टक्के आहे.

आरोग्य विम्याचा विचार आपल्याला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला व त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा साकार झाला. त्या योजनेत वर्गणी आधीच कापली जाते. उपचाराच्या वेळी आजारी कामगाराला पहिला हिस्सा मोजावा लागत नाही. शेतकरी व शेतमजूर मात्र त्या कायद्याबाहेरच राहिले. खासगी पॉलिसी घेताना पहिला हिस्सा किती, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

तो ठरविण्याची आमची कसोटी साधी आहे. कर्ज न काढता, दागिना गहाण न टाकता आणि बियाण्याच्या पैशाला हात न लावता जी रक्कम दोन दिवसांत उभी राहील, तेवढेच डिडक्टिबल घ्यावे. भातकुली तालुक्यात ही कसोटी दिवाळीत लावू नये. कापूस, सोयाबीन विकल्यावर प्रत्येकाच्या हाती चार पैसे असतात. पेरणी आटोपून घर रिकामे झालेल्या आषाढात किती शिल्लक असते, तो आकडा खरा धरावा. आजार हंगाम पाहून येत नाही.

आता हप्त्यातील बचतीचा हिशेब पाहू. समजा, डिडक्टिबल ५० हजारांवरून २ लाख केल्याने हप्ता वर्षाला ४ हजारांनी कमी झाला. जोखीम वाढली दीड लाखाने. दीड लाखाला ४ हजारांनी भागले तर साडेसदतीस वर्षे येतात. इतकी वर्षे घरात कोणी भरती झाले नाही तरच तो व्यवहार बरोबरीत सुटेल. तेच हप्ता १५ हजारांनी कमी होत असेल तर दहा वर्षे पुरतात. मग विचार करण्यास हरकत नाही. मात्र वाचलेले पैसे पोस्टात किंवा बँकेत वेगळे साठले पाहिजेत. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या पॉलिसीवर हे गणित अवश्य करून पाहावे.

दुसरी निवड टॉप-अप की सुपर टॉप-अप, ही. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल सहसा प्रत्येक भरतीला वेगळे लागते. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या मान्य खर्चाची बेरीज धरतात. आपला भाग खारपाणपट्ट्यातला, मूत्रपिंडाचे आजार हा इथला चिंतेचा विषय. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा करावे लागते. एकेका वेळेचे बिल लहान, पण वर्षाची बेरीज मोठी. अशा आजारात ३ लाख डिडक्टिबलच्या साध्या टॉप-अपमधून हाती काहीच पडत नाही. सुपर टॉप-अपमध्ये बेरीज ३ लाखांपुढे गेली की कंपनीची जबाबदारी सुरू होते. म्हणून लहान बिलेही जपून ठेवावीत.

प्रत्येक घराची निवड एकसारखी नसते. मजुरीवर चालणाऱ्या घराने आधी शिधापत्रिका व आयुष्मान कार्ड नीट करून घ्यावे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ते ठरावीक उपचारांना व अंगीकृत रुग्णालयांतच लागू होते, हे लक्षात ठेवावे. अशा घराने मोठ्या डिडक्टिबलच्या पॉलिसीत पैसा अडकविण्यापेक्षा तपासण्या, गाडीभाडे व बुडालेली मजुरी यांसाठी थोडी गंगाजळी ठेवणे बरे. शासकीय नोकराला खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, पण पैसे आधी भरावे लागतात. डिडक्टिबल ठरविताना हे विसरू नये. पुण्या-मुंबईत कंपनीत असलेल्या मुलाच्या सामूहिक विम्यावर भिस्त ठेवून मोठे डिडक्टिबल घेतले आणि नोकरी सुटली, तर खालचा आधार एकदम नाहीसा होतो.

जास्त डिडक्टिबलचा आणखी एक तोटा आहे. अमेरिकेत रँड संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या मोठ्या प्रयोगात असे दिसले, की स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागणारी माणसे डॉक्टरांकडे कमी जातात. पण अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळतात. आपल्याकडे बाया छातीतली कळ ‘पित्त असेल’ म्हणून अंगावर काढतात. डिडक्टिबलच्या धाकाने दवाखाना लांबणार असेल, तर वाचलेला हप्ता फार महाग पडला असे समजावे.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात: डिडक्टिबल दर भरतीला की दर वर्षाला, प्रत्येक माणसाला की साऱ्या कुटुंबाला, खोलीभाड्याची मर्यादा किती आणि जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ किती. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. मधुमेह, रक्तदाब लपवू नये; लपविलेला आजार दाव्याच्या वेळी उघडा पडतो. पॉलिसी हाती आल्यावर न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते. त्या मुदतीत घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने ती आई-वडिलांना मराठीतून वाचून दाखवावी, एवढी आमची विनंती आहे.