आधी ओळख, मग हिशोब

बचत गटाचं प्रशिक्षण. सकाळचे साडेदहा. सतरंजीवर पंचवीस जणी, पण ज्या गावच्या त्या गावाला चिकटून बसलेल्या. पिशव्या मांडीवर, नजर खाली. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं, की नुसती शांतता!

ही कोंडी फोडायला माझा एक हमखास उपाय असायचा. 'ओळख करून द्या आणि उखाणा घ्या.' हशा पिकायचा, पुढचं काम सोपं व्हायचं. एकदा मात्र एक बाई उभी राहिली, नाव सांगितलं आणि "पुढचीला घ्या" म्हणत खाली बसली. शेजारची हळूच म्हणाली, "मालक गेले हो त्यांचे." मला अगदी चोरट्यासारखं झालं. ती बाई मग दिवसभर गप्पच राहिली. शिबिर हिशोबाचं होतं आणि तिच्या गटाचं दप्तर तीच लिहायची!

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याचं आपण कौतुक करतो. पण आपल्याच सतरंजीवर, आपल्याच खेळातून आपण कुणाला बाहेर ठेवतो, हे लक्षातच येत नाही.

आता मी उखाणा घेते, पण स्वतःच्या नावाचा. नाहीतर आईच्या नावाचा. लोकरीचा गुंडाही नेते. गोल बसायचं, नाव आणि आपल्याला चांगलं जमणारी एक गोष्ट सांगायची, दोरा धरून गुंडा दुसरीकडे टाकायचा. शेवटी जाळं तयार होतं. मग एकीला दोरा सोडायला सांगायचं. ताण कुठंकुठं सैल पडतो, ते सगळ्यांना दिसतं. एकीचा हप्ता चुकला तर काय होतं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मैत्रिणींनो, महिला मंडळात, पालक सभेत तुम्हीही असे खेळ घ्याल. थोडं सांभाळा. खेळ दहा-पंधरा मिनिटांत आटोपावा. पहिला डाव आपण खेळावा. गुडघे दुखणाऱ्या असतात, दिवस गेलेल्या असतात. पळापळीऐवजी बसून टाळ्यांचा खेळ घ्यावा. लिहिता न येणारीच्या हातात चिठ्ठी देऊ नये. हरलेलीला शिक्षा नको. आणि 'मला नको' म्हणायची मुभा आधीच द्यावी, तीही कारण न विचारता.

पुढच्या शिबिराला ती बाई पुन्हा आली होती. स्वतःच्या नावाचा उखाणा तिनं घेतला. यमक काही जुळलं नाही, तीच हसली, सगळ्या हसल्या. दुपारी मी फळ्यावर व्याजाचं गणित मांडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, बेरीज चुकली तुमची."

खरंच चुकली होती!