दिनूला काय माहीत आहे? पालकांनी सिनेमा कसा पाहावा
(मोर्शी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



पालकत्वावर भाषण म्हटलं की लोक बसल्या जागी अंग चोरायला लागतात. आता हे आपल्या चुका काढणार, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. म्हणून आम्ही बोलण्याआधी सिनेमातला एखादा प्रसंग दाखवतो. पडद्यावरचा बाप चुकला तर त्याच्याबद्दल कोणीही मोकळेपणाने बोलतं, आणि बोलता बोलता गाडी आपल्या घरावर कधी आली ते कळतही नाही. पद्धत नवी नाही. शेंडगावचे गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या कीर्तनातही समोरच्या माणसालाच प्रश्न विचारलेला असायचा. पुढे समाजशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा भावे यांनी १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला आणि मग सिनेमालाच वाहून घेतलं. त्यांच्या 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश झालेला बाप आणि त्याची मुलगी आहे. बापाचं काम करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. सिनेमा दाखवून झाला की ते प्रेक्षकांशी चर्चेला बसतात. सिनेमा संपल्यावरचं हे बसणंच आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

आज मात्र आपल्या मातीतला सिनेमा घेऊ. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ सालचा. हसू नका, शिवी आपलीच आहे!

विदर्भातलं गाव, डोक्यावर कर्ज, पावसाची हुलकावणी. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि किसनाची बायको अलका हादरते. आपला नवराही गप्पगप्प असतो, याच्या मनात तेच तर नाही? त्याला सरळ विचारायचा तिला धीर होत नाही. ती त्याच्या आवडीचं रांधते, सासूला लक्ष ठेवायला सांगते, आणि सहा-सात वर्षांच्या दिनूला बापाच्या मागे लावते. बाप शेतात, की पोरगं मागे. किसना वैतागतो, प्रेक्षक हसतात.

इथे थांबायचं आणि विचारायचं, दिनूला काय माहीत आहे?

'लेकराले काय समजते', हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. पण बापावर नजर ठेव असं ज्याला सांगितलं, त्याला काहीतरी भयंकर घडू शकतं एवढं नक्की समजतं. फक्त त्याला त्याचं नाव माहीत नसतं, आणि मोठी माणसं बोलत नाहीत म्हणून त्यालाही विचारता येत नाही. उद्या खरंच काही झालं, तर आपलंच लक्ष चुकलं असं ते पोर जन्मभर धरून बसेल. आम्हाला या सिनेमातली सगळ्यात मोठी भीती हीच वाटते. मोर्शी-वरुड हा संत्र्याचा पट्टा. बहार गळाला, भाव पडला, की घरातल्या मुलांना न सांगता कळतं. बाप फोनवर बोलायला अंगणात जातो, उधारी मागायला दुकानात पोराला पाठवलं जातं. असे दिनू आपल्या घराघरांत आहेत.

मग अलका चुकली का? आम्ही तिला दोष देणार नाही. पण नजर ठेवणं हे मोठ्यांचं काम आहे. फवारणीचं औषध कुलपात ठेवणं हेही मोठ्यांचंच. आणि 'मनात जीव द्यायचा विचार येते का?' असं नवऱ्याला, भावाला, मित्राला सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलल्याने माणूस मोकळा होतो. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, लिहून घ्या.

'किल्ला'मध्ये मरण घडून गेलेलं आहे. वडील गेले, आईची कोकणात बदली झाली, आणि मुलगा व आई एकाच दुःखात वेगवेगळे राहतात. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला पारितोषिक दिलं ते मुलांच्याच परीक्षक मंडळाने. मुलांना काय समजतं, याचं हेही एक उत्तर.

आता मालिका. त्या वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. 'आई कुठे काय करते' पाहून अनेक घरांत आईच्या कामाबद्दल बोलणं निघालं. पण मालिकेला रोज भांडण लागतं, तेही वाजतगाजत. आपल्या घरांत बिघडतं ते बहुधा गप्प राहून, आणि गप्प बसलेल्या माणसावर मालिका चालत नाही! म्हणून मालिका पाहताना 'कोण बरोबर' हे सोडा. त्या भांडणात मुलं कुठे उभी होती, त्यांनी काय ऐकलं, तेवढं घरच्यांना विचारा. जाहिरातींचा वेळ पुरतो.

मुलं सोबत असतील तर आधी त्यांना बोलू द्या. 'यातून काय शिकलास' असं विचारलंत की ती पुस्तकातलं उत्तर देतात. 'दिनूच्या जागी तू काय केलं असतंस' असं विचारा आणि उत्तर आवडलं नाही तरी मधे तोंड घालू नका.

आता दहा मिनिटांचा तुकडा दाखवतो. किसनाकडे नंतर पाहू. आत्ता फक्त दिनू कोणाकोणाच्या तोंडाकडे बघतो, तेवढं मोजा.